हलालची पाटी आणि टेबल पुसणारा मुलगा

‘हलाल है ना?’

हॉटेलात पाय ठेवता ठेवताच आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून हा प्रश्न निघतो, मेनू कार्ड हातात यायच्याही आधी. गल्ल्यावरचा माणूस ‘बिलकुल’ म्हणाला, किंवा भिंतीवर हिरव्या अक्षरांतली पाटी दिसली, की आपण निवांत होतो. मग बिल येईपर्यंत दुसरा प्रश्न नाही. विचारलाच तर ‘किती वेळ लागेल?’ एवढाच.

हा प्रश्न विचारू नका, असं मी म्हणणार नाही. मीही तो विचारते. माझी तक्रार वेगळी आहे. आपण हलालची चौकशी कोंबडीपाशी सुरू करतो आणि कोंबडीपाशीच संपवतो. ती कोंबडी ज्या स्वयंपाकघरात शिजते तिथे कोण राबतं, त्याचं वय काय, त्याच्या हातात काय पडतं, याचा हलालशी काही संबंध असेल असं आपल्याला वाटतच नाही. या मे महिन्याच्या सुट्टीत वाशीममध्ये घरच्यांसोबत चायनीज खाताना हे ठळकपणे समोर आलं, म्हणून लिहिते आहे.

चायनीजच का?

वाशीम जिल्ह्यात कुठेही जा. कारंजा, रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरुळपीर. संध्याकाळ झाली की बसस्टँडच्या आसपास लाल अक्षरांत ‘चायनीज’ लिहिलेली गाडी लागलेली दिसते. मोठी कढई, खाली भडकलेला बर्नर, समोर कोबीचा ढीग. गावात पैसा थोडा वाढला की त्या गाडीचं दुकान होतं, दुकानाला ‘फॅमिली सेक्शन’ येतो.

या जेवणाचं चीनशी नातं तसं दूरचं आहे. आपण ज्याला चायनीज म्हणतो, त्यातली सगळ्यात लाडकी डिश मुंबईची आहे. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे शेफ नेल्सन वाँग यांनी १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली नेहमीची फोडणी. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर. १९८३मध्ये त्यांनी मुंबईत ‘चायना गार्डन’ सुरू केलं. तिथल्या महागड्या टेबलावरून निघालेली ही चव पुढे गाड्यांवर उतरली आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. तिला ‘चायनीज भेल’ असं लेकरूही झालं.

आपल्या घरांमध्ये बाहेर जेवायचं ठरलं की चायनीजच का ठरतं, याचं उत्तर फक्त चवीत नाही. बिर्याणी, सालन, कबाब घरी याहून चांगले होतात, त्यासाठी पैसे कशाला मोजायचे, असं घरच्या बायका म्हणतात आणि ते खरंच असतं. दुसरं असं, की आपल्या लहान शहरांमध्ये मांसाहारी जेवण बरेचदा बार किंवा ढाब्यावर मिळतं. तिथे शेजारच्या टेबलावर दारू असते. आपल्या आया-बहिणी तिथे जात नाहीत, त्यांना कोणी नेतही नाही. उरतं ते शाकाहारी हॉटेल, नाहीतर आपल्यापैकी कोणीतरी चालवलेलं हलाल चायनीज. म्हणजे घरातल्या बाईला खुर्चीवर बसून, दुसऱ्याने आणून दिलेलं, गरम गरम खाता येईल अशी जागा मुळात फार थोडी आहे. ती जागा मला मोलाची वाटते. पुढे जे लिहिणार आहे ते त्या जागेविरुद्ध आहे असं कृपया समजू नका.

त्या रात्रीचं टेबल

सुट्टीत आम्ही दोघी बहिणी मंगरुळपीरला माहेरी येतो. लग्नाच्या कपड्यांची खरेदी करायला सगळे वाशीमला गेलो होतो. अम्मी, खाला, आपा, भाईजान, भाभी, तीन मुलं आणि मी, असे नऊजण. रात्रीचे साडेनऊ वाजले. घरी जाऊन भाभीने चूल पेटवायची, यापेक्षा इथेच खाऊन जाऊ, असं भाईजान म्हणाले. भाभीचा चेहरा खुलला.

अम्मीने दारातच नेहमीचा प्रश्न विचारला. मालकाने पाटी दाखवली. अम्मीचं तेवढ्याने समाधान झालं नाही, म्हणून चिकन कोणत्या दुकानातून येतं तेही विचारलं. मालकाने न कंटाळता सांगितलं. मग खालाने सूपमध्ये काय काय असतं ते विचारलं, आपाने सॉसमध्ये ‘वो’ तर नाही ना, अशी खात्री करून घेतली. मालक चांगला माणूस होता. सगळ्यांना नीट उत्तरं दिली. ट्रिपल शेजवान, लॉलीपॉप, हक्का नूडल्स, आणि अम्मीसाठी साधा व्हेज फ्राइड राइस अशी ऑर्डर गेली.

एक मुलगा पाण्याचे ग्लास घेऊन आला. प्रत्येक बोट एकेका ग्लासात. मग ओल्या फडक्याने टेबल पुसायला लागला. आपाची मुलगी, बारा वर्षांची, त्याच्याकडे बघत होती. तिने सहज विचारलं, ‘कौनसी में है तू?’

‘सातवी में था,’ तो म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

तीही यंदा सातवीतच होती. तिने आईकडे पाहिलं. आपाने नजर लॉलीपॉपच्या प्लेटकडे वळवली. टेबलावर थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग कोणीतरी ‘सॉस इधर कर’ म्हणालं आणि जेवण पुढे सुरू झालं.

मुलाचं नाव, हॉटेलचं नाव मी लिहिणार नाही. त्याची गरजही नाही. तुम्ही हे वाचताय त्या गावात असं टेबल आणि असा मुलगा तुम्हाला शोधायला फार फिरावं लागणार नाही.

चौकशी किती खोल जाऊ शकते

आपण खाण्याची चौकशी नीट करत नाही असं नाही. उलट, मुस्लिम समाज या बाबतीत जगात सगळ्यात चिकित्सक समाजांपैकी एक आहे. एक उदाहरण याच चायनीजच्या मसाल्याचं घ्या. २००१च्या सुरुवातीला इंडोनेशियात अजिनोमोटोवरून मोठं वादळ उठलं. ही पावडर साखरेच्या मळीसारख्या पदार्थावर जिवाणू वाढवून तयार करतात. त्या जिवाणूंना जे खाद्य दिलं जात होतं, ते बनवताना डुकरापासून मिळालेलं एक विकर वापरलं गेलं, असं निघालं. पावडरमध्ये डुकराचा अंश होता असा दावा नव्हता. तरी तिथल्या उलेमा परिषदेने ते हराम ठरवलं आणि कंपनीला बाजारातून माल परत घ्यावा लागला. देशाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद हे स्वतः मोठे आलीम. ते मात्र म्हणाले की हाती येणारा पदार्थ हलालच आहे. दोन्ही बाजूंनी गंभीर चर्चा झाली.

त्या वादात कोण बरोबर होतं हे मी इथे ठरवत नाही. मला फक्त एवढंच दिसतं: एका जिवाणूने काय खाल्लं, इथपर्यंत आपली चौकशी पोचू शकते. मग तीच प्लेट टेबलावर आणून ठेवणाऱ्या मुलाने दिवसभरात काय खाल्लं, तो कधीपासून उभा आहे, हे विचारायला आपली जीभ का वळत नाही?

कुरआनात अन्नाबद्दल बोलताना ‘हलाल’च्या जोडीने ‘तय्यब’ हा शब्द येतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगलं, निर्मळ. मदरशात आणि घरात आपल्याला पहिला शब्द नीट शिकवला जातो, दुसरा त्याच्या पाठीमागे नुसता उच्चारला जातो. खुद्द चीनमधल्या मुसलमानांनी मात्र दुसऱ्या शब्दाचा अर्थ पुढे आणला, असं म्हणता येईल. तिथे हुई मुस्लिमांच्या नूडल्सच्या दुकानांवर हलालसाठी ‘छिंगझेन’ असं लिहिलेलं असतं. त्या दोन चिनी अक्षरांचा अर्थ ‘निर्मळ आणि खरं’. इस्लामलाही ते हाच शब्द वापरतात. म्हणजे त्यांच्या दुकानावरची पाटी कोंबडी कशी कापली एवढंच सांगत नाही, ती पूर्ण दुकानाबद्दल दावा करते. तो दावा तिथल्या प्रत्येक दुकानात पाळला जातो असं मी म्हणत नाही. पण शब्दाची उंची तरी तेवढी आहे.

पाटीवरून चाललेलं राजकारण

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी, नाहीतर माझं म्हणणं भलत्याच माणसांच्या कामाला येईल.

पाटीवरून आपल्याला त्रास देणारे कमी नाहीत. जुलै २०२४मध्ये उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरच्या पोलिसांनी कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खाण्याच्या दुकानांना मालकांची नावं लावायला सांगितलं. हेतू उघड होता: नाव वाचून गिऱ्हाइकाने ठरवावं की इथे खायचं की नाही. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला अंतरिम स्थगिती दिली. जेवण कोणत्या प्रकारचं आहे ते दुकानदार सांगू शकतात, नाव लावायची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्याआधी, २०१९मध्ये, चीनची राजधानी बीजिंगमध्ये उलटं झालं होतं. हलाल दुकानांच्या पाट्यांवरची अरबी अक्षरं काढायला किंवा झाकायला अधिकाऱ्यांनी भाग पाडल्याच्या बातम्या आल्या. एकीकडे नाव लावायची सक्ती, दुसरीकडे अक्षरं पुसायची सक्ती. दोन्हीकडे दुकानदाराला काय वाटतं हे कोणी विचारलं नाही.

म्हणून ‘हलाल’ची पाटी लावायचा हक्क, ती बघून आत शिरायचा हक्क आणि दारात उभं राहून न लाजता प्रश्न विचारायचा हक्क, हे तिन्ही मला हवे आहेत. पण हक्क मागताना जबाबदारीही आपलीच असते. बाहेरचा माणूस आपल्या पाटीकडे संशयाने बघतो, याचं उत्तर आपण पाटीच्या आत डोळे मिटून देऊ शकत नाही.

मालकाचं म्हणणं

दोन दिवसांनी भाईजान आणि मी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्या मालकाकडे परत गेलो. भांडायला नव्हे, बोलायला. त्याचं म्हणणं जसंच्या तसं मांडते, कारण ते आपल्या सगळ्यांच्या घरात ऐकू येणारं म्हणणं आहे.

तो म्हणाला, मुलाचे अब्बू दिवाळीच्या आसपास वारले. घरी आई आणि दोन लहान बहिणी. आई शेतमजुरीला जाते; उन्हाळ्यात शेतात काम नसतं. ‘मैं नहीं रखा तो दूसरा रखेगा. मेरे पास कम से कम दो वक्त का खाना है.’ दिवसाला दीडशे रुपये देतो. ईदला कपडे केले. मारत नाही, शिव्या देत नाही. ‘यतीम बच्चे को सहारा दिया, मैडम. सवाब का काम है.’

हे ऐकून त्याला खलनायक ठरवणं मला जमलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. पण तो जे सांगत होता त्यात एक गोष्ट गाळलेली होती. सकाळी अकरा ते रात्री अकरा काम करणारा मुलगा शाळेत जाऊ शकत नाही. आणि शाळेत न गेलेला मुलगा वीस वर्षांनीही टेबलच पुसत असतो, फक्त तोपर्यंत त्याचा मुलगा ग्लास आणायच्या वयाचा झालेला असतो. सहारा म्हणायचा तर तो मुलाला मिळतोय की हॉटेलला? मोठ्या माणसाला हेच काम दीडशे रुपयांत कोणी करत नाही, हे मालकालाही माहीत आहे आणि आपल्यालाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. बालमजुरीविरोधी कायदा १९८६चा. ढाबे, हॉटेलं आणि घरकाम यांत १४ वर्षांखालच्या मुलांना ठेवायला १० ऑक्टोबर २००६पासून बंदी आली. २०१६च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही कामावर ठेवणं गुन्हा झाला. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एक सवलत आहे: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल आपल्याच कुटुंबाच्या, धोका नसलेल्या धंद्यात मदत करू शकतं. ‘सुट्टी है ना मैडम, इसलिए रखा’ हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. ती सवलत दुसऱ्याच्या हॉटेलाला लागू नाही. शिवाय ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे.

आणि हा प्रश्न आपला आहे, हे नाकारता येणार नाही. सच्चर समितीने २००६च्या अहवालात लिहिलं होतं की ६ ते १४ वयोगटातल्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुलं एक तर कधी शाळेत गेली नाहीत किंवा गळाली. आपण हा अहवाल सरकारला जाब विचारण्यासाठी वापरतो, आणि वापरायलाच हवा. केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे घेतले त्यांत वाशीम आहे. म्हणजे मागासलेपण सरकारलाही मान्य आहे. पण ते मूल सरकारी फायलीत गळत नाही. ते आपल्या मोहल्ल्यात, आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या टेबलापाशी गळतं.

मग करायचं काय?

मुलाला कामावरून काढा, एवढं सांगून घरी जाणं सोपं आहे. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या गाडीवर उभा असेल आणि घरात दीडशे रुपये कमी आलेले असतील. दीडशे रुपयांची सोय केल्याशिवाय शाळेची गोष्ट पोकळ आहे.

सोय आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलेलं आहे. आई किंवा वडील यांपैकी एक नसलेल्या मुलालाही ती लागू होते. पूर्वी दरमहा १,१०० रुपये मिळत, आता २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जातो, बाल कल्याण समिती आदेश काढते. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँक खातं अशी कागदपत्रं लागतात. त्या आईला या योजनेचं नावही माहीत नव्हतं. मालकालाही नाही. खरं सांगायचं तर आमच्या घरातही दोघांनाच माहीत होतं.

आमच्या नऊजणांचं त्या रात्रीचं बिल २,३४० रुपये झालं होतं. हे कोणाला लाज वाटावी म्हणून लिहीत नाही. सुट्टीत कुटुंबाने एकदा बाहेर जेवावं, भाभीला एका रात्रीची सुट्टी मिळावी, यात चूक काही नाही. फक्त रक्कम किती मोठी किंवा किती छोटी आहे ते लक्षात यावं. एका मुलाला शाळेत परत पाठवायला जो पैसा लागतो तो आपल्या आवाक्याबाहेरचा नाही.

सरकारी पैसा हातात पडायला वेळ लागतो. तोपर्यंतचं काय? इथे आपल्या जकातीबद्दल बोलायला हवं. रमजानमध्ये आपल्याकडे दूरदूरहून पावतीपुस्तकं घेऊन माणसं येतात आणि आपण देतोही. देऊ नका असं नाही. पण आपल्याच गल्लीत नवरा गेलेली बाई मुलाला हॉटेलात पाठवते आहे, हे त्या रमजानमध्ये कोणाच्या यादीत होतं? जकातीचा काही भाग मोहल्ल्यातच, नावानिशी, दरमहा, शाळेच्या हजेरीशी जोडून द्यायला कोणताही अडथळा नाही. यतीमाच्या हक्काबद्दल कुरआन किती वेळा बजावतो हे आपल्याला पाठ आहे. मजुरी वेळेवर द्यावी ही शिकवण जुम्म्याच्या बयानात आपण ऐकतो. ती शिकवण हॉटेलच्या बिलापर्यंत आणायची एवढंच काम आहे.

आमच्या बाबतीत जे झालं ते एवढंच: मोहल्ल्यातल्या तीन घरांनी दरमहा हजार-हजार रुपये द्यायचं कबूल केलं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे हाताशी महिना होता. उर्दू शाळेच्या मुख्याध्यापकांनी नाव पुन्हा घेतलं. मालक आधी कुरकुरला, मग मुलाला सोडलं आणि त्या जागी एका मोठ्या माणसाला ठेवलं. योजनेचा अर्ज भरला आहे, पैसे अजून यायचे आहेत. मुलगा शाळेत टिकेल की नाही हे दिवाळीनंतर कळेल. यात अभिमानाने मिरवावं असं काही नाही. हे काम चार माणसांनी दोन आठवड्यांत केलं, याचा अर्थ ते कोणालाही जमू शकतं.

दोन आक्षेप

हे बोलल्यावर दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला: ‘आधीच सगळे आपल्यामागे लागलेत, आता आपणही आपल्याच हॉटेलवाल्यांच्या मागे लागायचं?’ बालमजूर सगळ्यांच्या हॉटेलांत आहेत, हे खरं आहे. पण मी हलालच्या भरवशावर जिथे शिरते, तिथे माझं आणि मालकाचं एक नातं असतं. तिथे माझ्या प्रश्नाला वजन आहे. म्हणूनच सुरुवात तिथून. आणि हो, मोबाइल काढून मुलाचा व्हिडिओ करू नका. त्याने मुलाची अब्रू जाते, मालक सावध होतो आणि तो व्हिडिओ कोणाच्या हाती पडेल हे आपल्या हातात राहत नाही. आधी बोला. बोलून होत नसेल, किंवा मुलाला मारहाण होताना दिसली, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. तो फोन करणं म्हणजे समाजाशी गद्दारी नाही. ते मूलही समाजच आहे.

दुसरा आक्षेप घरातल्या मोठ्यांचा: ‘हम भी काम करके बड़े हुए.’ बरोबर आहे. आपल्या कित्येकांच्या वडिलांनी लहानपणी गॅरेजमध्ये, बेकरीत, चिकनच्या दुकानात काम केलं. त्यांच्या कष्टाचा मान ठेवूनच विचारायला हवं, की त्यांनी तुम्हाला का शिकवलं? तुमच्या हाती फडकं का नाही दिलं? कारण त्यांना ठाऊक होतं की त्या वयात गेलेली शाळा परत येत नाही.

पाटीच्या आत

मुलाबद्दल विचारायची सवय लागली की इतर प्रश्न आपोआप येतात. मंचुरियन इतकं लाल का? मार्च २०२४मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. त्याच आदेशात कॉटन कँडीतल्या ऱ्होडामाइन-बीवरही बंदी आली. हा कापड रंगवायचा रंग आहे. त्याच वर्षी गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने स्टॉलवरच्या गोबी मंचुरियनवर बंदी आणली, तिथेही कारण रंग आणि अस्वच्छता हेच होतं. हलाल कोंबडीला कापडाचा रंग लावला तर ती तय्यब राहते का, हा प्रश्न मी आलीम लोकांवर सोडते. पण ‘रंग न टाकता करा’ असं सांगायला कोणत्याही आलिमाची परवानगी लागत नाही. हॉटेलच्या बिलावर अन्न सुरक्षा विभागाचा १४ अंकी परवाना क्रमांक छापणं १ जानेवारी २०२२पासून बंधनकारक आहे. तो आहे का, एवढं बघायला दोन सेकंद लागतात.

आणि हे प्रश्न घरातल्या बायकांनी विचारावेत, असं मला मनापासून वाटतं. त्या रात्री सगळ्यात नेमके प्रश्न अम्मी, खाला आणि आपाने विचारले होते. कोंबडी कुठली, सूपमध्ये काय, सॉसमध्ये काय. ज्या बाईने आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळलं, तिला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काय विचारायचं ते बरोबर कळतं. मुलाचा प्रश्नही एका बारा वर्षांच्या मुलीनेच विचारला. मोठ्यांनी तो पुढे न्यायचा असतो.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन जेवायला जाल तेव्हा ‘हलाल है ना?’ जरूर विचारा. उत्तर मिळालं की त्याच आवाजात, त्याच माणसाला पुढचं विचारा: ‘हा मुलगा किती वर्षांचा? शाळेत जातो का?’ मालक गप्प झाला तर घाबरू नका, रागावूही नका. त्याच्या आईचा पत्ता विचारून घ्या. बालसंगोपनचा अर्ज कुठे मिळतो हे माहीत नसेल तर गल्लीतल्या अंगणवाडी सेविकेला गाठा. तिला बहुतेक माहीत असतं, आणि नसलं तर कोणाला विचारायचं हे ती सांगते.